‘मान’ कोणाचा? रायगड किनाऱ्यावरील वाजप आणि लोकसंगीताची समीक्षा

कोकणातील लोकसंगीतासंबंधी जे लेखन आजवर झाले आहे, त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आढळते. अमक्या गावी शिमग्याच्या पालखीपुढे ढोल वाजविण्याचा मान महारांकडे होता, असे ते वाक्य असते. लिहिणारा सहृदय असतो. गावगाड्यात प्रत्येकाला आपापले स्थान होते, कोणी अगदीच उपेक्षित नव्हता, असे त्याला सुचवावयाचे असते. पण हा मान नाकारता येत होता काय, असा प्रश्न त्याला पडत नाही. मला वाटते, लोकसंगीताच्या आपल्याकडील समीक्षेचा बराचसा दुबळेपणा या एका न पडलेल्या प्रश्नात आहे. जो मान नाकारला की बलुते बंद होते आणि गावची वाटही बंद होते, त्याला मराठीत दुसरा शब्द आहे. तो शब्द वेठ.

मी ज्या पट्ट्याविषयी लिहितो आहे तो रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा. १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता, नंतर तो रायगड झाला. गाण्याच्या दृष्टीने हा पट्टा फार श्रीमंत आहे. कोळीवाड्यांतून नारळी पौर्णिमेची आणि शिमग्याची गाणी आहेत. म्हसळा, माणगाव या बाजूला कुणब्यांचा गौरी-गणपतीतला नाच आहे, शक्ती-तुऱ्याचे सामने आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली तेली मराठीतून कीर्तने करीत आले. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मिश्र बोलीतील गाणी अजून आहेत. आगरी लग्नात धवलारीण बसते आणि तिच्या धवल्यांनीच लग्न लागते. तेथे भटाच्या मंत्राचे काम एका बाईचा गळा करतो. अभ्यासकांनी या धवल्यांचा संबंध तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांशी जोडला आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. या सगळ्यांवर कमीअधिक लिहिले गेले आहे. ज्याच्यावर फारसे लिहिले गेले नाही, आणि लिहिले गेले तेव्हा ‘मान’ या शब्दाच्या पलीकडे गेले नाही, ते आमचे वाजप. त्याला आमच्या भागात खालूबाजा म्हणतात.

खालूबाजा हे नाव एका वाद्याचे नाही, ताफ्याचे आहे. सनई, ढोल, टिमकी, झांज, असा त्याचा साज. सनई चाल धरते. टिमकी बारीक काठ्यांनी लय सतत तोडत-जोडत असते. ढोल एका अंगाने काठीने आणि दुसऱ्या अंगाने हाताने वाजतो, आणि खरे बोलणे त्याचेच. पावसाळ्यात कातडे सैल पडते, म्हणून वाजविण्याआधी पेंढ्याच्या जाळावर ढोल शेकावा लागतो. किती शेकायचा हे कोणी शिकवीत नाही. थाप मारून ऐकायचे आणि पुन्हा जाळावर धरायचे. हळदीचे वाजप वेगळे, वरातीचे वेगळे, पालखी नाचविताना वेगळे. पालखी खांद्यावर घेतलेला माणूस केव्हा वळणार, केव्हा बसकण घेणार हे ढोलावाल्याला आधी कळावे लागते, नाहीतर नाच फसतो. ज्याला संगीतातील समज म्हणतात ती ही. तिला कोणी समज म्हटले नाही, जातीचा अंगगुण म्हटले. देवळातला सनईवाला गुरव, तो आत. आमचा सनईवाला बाहेर, पायरीच्या खाली. आवाजाला विटाळ नव्हता; तो गाभाऱ्यापर्यंत जात होता.

आमचे गाव म्हसळ्याच्या बाजूचे. माझे आजोबा ढोल वाजवीत. खोताच्या घरचे लग्न असो की गावदेवीची पालखी, सांगावा आला की निघायचे. सुपारी नव्हती, कारण सुपारी देणे म्हणजे समोरच्याला ‘येतोस का’ असे विचारणे झाले. दिवसभर वाजवून संध्याकाळी उरलेले अन्न आणि पायलीभर भात मिळे. आजोबांना वाजविण्याची आवड नव्हती काय? होती. ते जेवताना ताटाच्या कडेवर बोटे धरीत. एकाच हातात आवड आणि वेठ दोन्ही असू शकतात, आणि समीक्षेला यातले एक सोडून दुसरे उचलता येत नाही. प्रस्थापित समीक्षेने आवड तेवढी उचलली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी इतिहासात गेले, ते जाणारच होते. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस, उष्टे अन्न आणि वतनाची लाचारी सोडण्याचा जो उपदेश केला, त्याचा परिणाम या किनाऱ्याच्या आवाजावर झाला, हे कोठल्याही संगीताच्या पुस्तकात आलेले मी वाचलेले नाही. उष्टे न खाण्याचा निश्चय केला की उष्ट्याच्या बदल्यात होणारे वाजपही थांबते. पुढे १९२८ साली त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काढला. खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडले, महारवतने जायला त्याहून अधिक. वाडी-वाडीतून मात्र कायद्याची वाट न पाहता निर्णय झाले. आमच्या वाडीतील ढोल १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या पहिल्या शिमग्याला गावदेवीपुढे गेला नाही. गावाने पाणंद अडवली, गुरे कोंडवाड्यात घातली. ढोल माळ्यावर गेला आणि तेथेच त्याचे कातडे तडकले.

आता हीच घटना लोकसंगीताचा अभ्यासक कशी नोंदवितो ते पाहावे. तो लिहितो, ‘कालौघात ही परंपरा लोप पावली’. लोप पावली! जणू एखादी नदी आटली. कोणीतरी ती थांबविली, थांबविण्यासाठी किंमत मोजली, हे या क्रियापदात कोठेच नाही. आणि लेखाच्या शेवटी तो हळहळतो. त्या हळहळीत नकळत एक सूचना असते की, ज्यांनी हे सोडले त्यांनी संस्कृतीचे नुकसान केले. मी असे म्हणतो की, माळ्यावर टाकलेला तो ढोल हीसुद्धा आमच्या संगीताच्या इतिहासातील एक रचना आहे, आणि तिची नोंद वाजलेल्या ढोलाइतकीच काळजीपूर्वक झाली पाहिजे. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या सणाला वाजप थांबले, याची यादी कोणी केली आहे काय? अशी यादी करता येण्याजोगी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

बरे, वाजप थांबले म्हणून हात थांबले काय? तसेही झाले नाही. जे हात पालखीपुढे चालत होते ते जलशाकडे वळले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गावोगाव गेला. तमाशाचा साचा घेऊन त्यातील देवाचे स्तवन आणि गवळण बाजूला काढणे व त्या जागी शिक्षण, पाणी, वतन हे विषय आणणे, हे काम त्या जलशांनी केले. त्यानंतर वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेला हा माणूस २००४ साली जाईपर्यंत खेडोपाडी गात फिरला. आमच्या किनाऱ्यावर गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. दरवर्षी २० मार्चच्या आसपास महाडला जी गर्दी जमते तिच्यात रात्रभर गाणे चालते. दोन पार्ट्यांचे सामने होतात, एकाने प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे. शक्ती-तुऱ्याची रीत जशीच्या तशी, विषय मात्र बदललेला. ढोलकीवाल्याचा हात जवळून पाहावा. त्यात खालूबाजातील टिमकीचा तोड ओळखू येतो.

येथे सिद्धांताची अडचण उभी राहते. लोकगीत कशाला म्हणावे, याच्या कसोट्या आपल्याकडे ठरल्या आहेत. ते तोंडातोंडी पसरलेले असावे, त्याचे पाठभेद असावेत, रचणाऱ्याचे नाव गळून पडलेले असावे, समूहाने ते आपले म्हणून गायिलेले असावे. या सर्व कसोट्या भीमगीताला लावून पाहा. वामनदादांची कित्येक गाणी आमच्या बायका लग्नात गातात आणि ती कोणाची असे विचारले तर ‘आपलीच’ असे सांगतात. एका वाडीत एक कडवे, दुसऱ्या वाडीत दुसरे. काहींत गावाचे नाव घुसलेले, काहींत कोणाच्या तरी मेलेल्या भावाचे. अजून काय पाहिजे? तरीही लोकगीतांच्या संग्रहात भीमगीत बहुधा येत नाही. ते ‘प्रचारगीत’ ठरते. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ साली आली. त्याच वर्षी नागपुरात धर्मांतर झाले. हा योगायोगच, पण लोकसाहित्याची रूपरेखा आणि लोकांनी स्वतःची बदललेली रूपरेखा यांची गाठ त्यानंतरही फार काळ पडली नाही, हे खरे आहे.

याच्या उलट कोळीगीताचे पाहा. रेडिओवर आणि तबकड्यांवर कोळीगीत म्हणून जे गाजले त्यातील किती कोळीवाड्यातून आले? शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली लावलेली आणि लता मंगेशकरांनी गायिलेली गाणी मला आवडतात. त्यांच्या चालीत लाटेचा हेलकावा खराच उतरला आहे. पण ती शहरात, एका नामवंत कवयित्रीने लिहिली. वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाली. रचणाऱ्याचे नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी ती ऐकणाऱ्याला लोकसंगीताचा भास होतो आणि कोणी हरकत घेत नाही. म्हणजे कसोटी परंपरेची नव्हतीच. ज्या गाण्यात समुद्र, होडी आणि गोरी नाखवीण असते ते ‘लोक’. ज्या गाण्यात तळ्याचे पाणी कोणाचे असा प्रश्न असतो ते ‘प्रचार’. डोल जाळ्यासाठी घेतलेल्या कर्जाचे गाणे एखाद्या कोळणीने रचले तर त्याचे काय होईल, हाही प्रश्न आहे.

विठ्ठल उमपांच्या बाबतीत ही फाळणी एकाच गळ्यातून गेली. १९३१ साली मुंबईच्या नायगावात जन्मलेले उमप कोळीगीते गात, भीमगीते गात, ‘जांभूळ आख्यान’ करीत. कोकणकिनाऱ्याचा जो आवाज महाराष्ट्राच्या कानात बसला आहे, त्यातील मोठा वाटा या बौद्ध गायकाचा आहे. पण ‘लोकशाहीर उमप’ म्हणून जे लिहिले जाते त्यात आख्यान आणि कोळीगीत पुढे असते, भीमगीत एका वाक्यात उरकले जाते. २६ नोव्हेंबर २०१० रोजी ते नागपूरच्या दीक्षाभूमीच्या परिसरात, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांना स्वतःला हे दोन गायक वाटत नव्हते, एवढे तरी त्यावरून टीकाकारांना समजावे.

हा खोडसाळपणा आपल्याच मातीत उगवतो असे मात्र नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात १९०३ साली सेसिल शार्प नावाचा लंडनचा संगीतशिक्षक हँब्रिज गावच्या धर्मगुरूकडे उतरला होता. तेथे हिरवळ कापणारा माळी काम करताना एक गाणे गात होता. शार्पने ते लगोलग टिपून घेतले, पियानोची साथ बसविली आणि त्याच संध्याकाळी ते एका गायिकेने गावातल्या मंडळींपुढे सादर केले. तेथून त्याचे संकलनाचे आयुष्य सुरू झाले. इंग्लंड आणि अमेरिका मिळून त्याने सुमारे ५,००० चाली जमविल्या. त्याचे ऋण मोठे आहे, ते नाकारता येणार नाही. गाणाऱ्यांची नावे तो लिहून ठेवी, त्यांची छायाचित्रे घेई. आपल्याकडच्या कित्येक संग्रहांत तेवढेही नसते. परंतु तेच शेतमजूर जुन्या चालींबरोबर शहरातील नाटकगृहांची चालू गाणीही आवडीने गात, ती त्याला नको होती. १९०७ च्या आपल्या ग्रंथात त्याने खऱ्या लोकगीताची जी व्याख्या केली तीत मजुराचा भूतकाळ तेवढा बसत होता. १९८५ साली डेव्ह हार्कर या टीकाकाराने या सगळ्या व्यवहाराला उघडपणे अपहरण ठरविले. हार्करचा सूर मला जरा एकेरी वाटतो. पण मजुराने काय गावे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे, या रोगाचे त्याचे निदान बरोबर आहे. फरक एवढाच की, सॉमरसेटचा माळी गरीब होता, अस्पृश्य नव्हता. त्याच्या गाण्याला घरात घेतले तेव्हा त्यालाही ओटीपर्यंत यायला बंदी नव्हती.

संकलन वेगळ्या रीतीने होऊ शकते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. घाटाच्या माथ्यावर मुळशी-मावळच्या बाजूला गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. पुढे हे काम शेकडो गावांत पसरले आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. या संग्रहात विठोबाच्या ओव्या आहेत तशा बाबासाहेबांच्याही आहेत, आणि त्या वेगळ्या काढून ठेवलेल्या पुरवणीसारख्या नाहीत. याचे कारण मला पद्धतीत दिसते. ओव्या गोळा करणाऱ्यांत त्या गावांतल्या, गरिबांच्या संघटनेत वावरणाऱ्या बायाच होत्या. जात्यावर बसलेली बाई काय गाते ते त्यांनी ऐकले. तिने काय गायला हवे होते हे त्यांना ठरवायचे नव्हते.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दलित साहित्याच्या समीक्षेने कवितेला आणि आत्मकथनाला जेवढे कष्ट दिले त्याच्या दशांशही गाण्याला दिले नाहीत. भीमगीतावर जे लिहिले जाते ते त्याच्या शब्दांवर. चालीवर कोणी बोलत नाही. चाल सिनेमातून उचलली की ढोलाच्या वजनातून आली, त्याने अर्थात काय फरक पडला, हे विचारले जात नाही. आणि खालूबाजाचे नाव काढले की आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आठी पडते. गुलामीची निशाणी, टाकली ते बरे केले. टाकली ते बरेच केले, यात मला शंका नाही. पण गुलामी ढोलात नव्हती, सांगाव्यात होती. वाद्याला दोषी धरणे म्हणजे विटाळाचाच हिशेब उलट्या बाजूने मांडणे होय. तो ढोल शेकण्याचे शहाणपण पिढ्यांनी कमावलेले होते, गावाने दिलेले दान नव्हते. ते परत घ्यायचे की नाही हे ज्यांनी सोडले त्यांच्या नातवंडांनी ठरवावे. त्यांच्यावर संस्कृतीरक्षणाची जबाबदारी गावाने टाकू नये आणि त्यागाची जबाबदारी आपण टाकू नये.

हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. अलिबाग, काशीद, दिवेआगरच्या बाजूला पर्यटकांची वर्दळ वाढली आहे आणि त्यांना संध्याकाळी ‘अस्सल कोकणी’ काहीतरी दाखवायचे असते. महोत्सव भरतात. वृद्ध कलावंतांना शासनाकडून मानधन मिळते. या शब्दातही ‘मान’ पुढे आणि धन मागे आहे, हे पाहून मला हसू येते. आमच्या वाडीतील पोरे बेंजो पार्टीत वाजवितात. त्यांचा हिशेब स्वच्छ असतो. फोन येतो, रक्कम ठरते, निम्मे आगाऊ मिळते, गाडीभाडे वेगळे. मराठा असो, आगरी असो, सुपारी ती सुपारी. आजोबांच्या ढोलाचे हे खरे वारस आहेत, अभ्यासकाला बेंजोचा आवाज कितीही कर्कश वाटो.

काही वर्षांपूर्वी याच पोरांकडे एका महोत्सवाचे आमंत्रण आले. बेंजो नको, खालूबाजा पाहिजे, असे कळविले होते. डोक्याला फेटे, अंगात बंडी, पायांत काही नाही, असा पोशाखही ठरवून पाठविला होता. वाडीत बैठक बसली. म्हाताऱ्यांतील एकजण म्हणाला की, बाप मेला तेव्हासुद्धा मी त्या लाकडाला हात लावला नाही, तुम्ही आता फोटोसाठी लावणार काय. पोरांतील एकाने विचारले, ‘आजा, तुम्हांला अजून येतो का वाजवायला?’ म्हातारा बोलला नाही. बायांतून कोणीतरी म्हणाली, येतो तर शिकवा की, पण पायांत चपला घालून वाजवू दे. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. शेवटी महोत्सवाला नकार कळविला गेला, पोशाखाच्या अटीवरून. आणि त्याच बैठकीत नव्या ढोलासाठी वर्गणी काढावी असे ठरले.

ढोल पेणच्या बाजारातून आणला. कातडे चढविणारा कारागीर मिळायला दोन महिने गेले. म्हातारा रोज संध्याकाळी विहाराच्या मागे पोरांना घेऊन बसे. सनईवाला मात्र कोठे मिळेना, म्हणून चाल बेंजोवरच धरली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तो ढोल पहिल्यांदा रस्त्यावर निघाला. गावदेवीच्या देवळापाशी मिरवणूक आली तेव्हा पोरांनी हात आखडला नाही आणि वाढविलाही नाही. त्याच लयीत पुढे गेली. ढोलावाल्याच्या मागे चालणाऱ्या बायांनी वामनदादांचे एक गाणे त्या जुन्या वजनात बसविले होते. त्यातील एका कडव्यात आमच्या गावाचे नाव होते, आणि ते कोणी घातले हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.